एकशे बाराव्या पानावरचा मितान

साठ वर्षं मी थापा मारत आलो, पण कुणाच्या ताटातला घास कमी झाला नाही. नागझिऱ्याचा वाघ माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून साकोलीपर्यंत आला, दात दुखत होता म्हणून, आणि दवाखान्याला कुलूप पाहून परत गेला, ही गोष्ट मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत निदान चाळीस वेळा सांगितली असेल. लोकांनी ऐकली, तोंडातला खर्रा थुंकला, घरी गेले. कुणी वनखात्याला अर्ज केला नाही. थापेचं असंच असायला पाहिजे. ऐकायची आणि उठताना धोतरावरच्या धुळीबरोबर झटकून टाकायची.

पण माझी एक थाप छापून आली. तिनं मला जो ताप दिला, तो मी खरं बोलून जगलो असतो तरी मिळाला नसता.

गावाचं नाव सांगत नाही. तेही त्या पुस्तकात आहे. लाखांदूरहून एसटीनं पाऊण तास, एवढं पुरे. मधे मोठं तळं, तळ्याच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे त्यांचं.

सहा वर्षांमागं नागपूरहून रिता मॅडम आल्या. समाजशास्त्राच्या. आजच्या समाजात माणसाची ओळख, नाती आणि संस्था यांचं काय होत चाललं आहे, ते त्यांना आमच्या दोन गावांत शोधायचं होतं. हे सगळं हरवलं कुठं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न, ‘तुम्ही स्वतःची ओळख कशी सांगाल?’

मी म्हटलं, “मी कायले सांगू? लोक सांगतेत न. मले फक्त ऐकून घ्या लागते.”

“बरं, पुढचा. अडचणीत तुम्ही आधी कोणाकडे जाता? कुटुंब, शेजारी, संस्था की इतर?”

“अडचन कोनती?”

“कोणतीही.”

“बैल अडला तं शेजाऱ्याकडं. पोट अडलं तं डॉक्टरकडं. सातबारा अडला तं कोनाकडं जाऊन उपयोग नाही.”

“आजोबा, एकावरच खूण करायची असते.”

“मंग इतर.”

“इतर म्हणजे कोण?”

“तुमच्यासारखं कोनी आलं तं.”

बिचारीनं तेही लिहून घेतलं. तीन दिवस ती घरोघर फिरली आणि घरोघर तिला एकच उत्तर मिळालं, ‘सगळं चांगलं आहे’. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली तेव्हा तिचं तोंड वाळलेल्या वांग्यासारखं झालं होतं. म्हणाली, “या दोन गावांत पूर्वी तळ्याच्या पाण्यावरून मोठं भांडण होतं ना? ते मिटलं कसं?”

ते कसं मिटलं हे कुणालाच माहीत नाही. बहुतेक लोकांना कंटाळा आला असावा. पण इतक्या लांबून आलेल्या पोरीच्या हातावर ‘कंटाळा’ ठेवायचा का? मला ते बरं वाटलं नाही. म्हणून मी तिला भुजली दिली.

आमच्याकडे छत्तीसगडच्या अंगाची एक चाल आहे. राखीच्या आधी बाया टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत वाढवतात. पिवळेजर्द अंकुर येतात, ती भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात शिरवायची, म्हणजे सोडायची. त्या वेळी दोन माणसांनी एकमेकांच्या कानावर अंकुर खोचला की ती दोघं मितान झाली. मग एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. एकमेकांच्या घरचं सुतक पाळायचं. आणि दोघांची लेकरं, नातवंडं, पतवंडं ही सख्खी भावंडं. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

मी मॅडमला सांगितलं की माझा बाप भैय्यालाल आणि पलीकडच्या गावचा भोजराज, दोघंही काठ्या घेऊन तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, समोरासमोर आले. तेवढ्यात बाया भुजली घेऊन आल्या. भोजराजनं काठी उगारली, ती एका टोपलीला लागली, अंकुर उडाले, आणि त्यातला एक नेमका माझ्या बापाच्या उजव्या कानावर येऊन बसला. दोन्ही गावं चूप. कान झटकावा तर देवाचा अपमान. शेवटी बापानंही खाली वाकून एक अंकुर उचलला आणि भोजराजच्या कानावर ठेवला. काठ्या तळ्यात गेल्या. त्यांच्यातलीच एक रुजून पाळीवर बाभूळ झाली, ती अजून आहे.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाभळीचा फोटो काढला.

आता खरं सांगतो. माझ्या बापाची आणि भोजराजची आयुष्यात एकदाच गाठ पडली, साकोलीच्या बैलबाजारात. दोघांच्या मनात एकच बैल भरला, त्यामुळे बोलणं झालं नाही.

मॅडमनं गोष्टीची पडताळणी केली. पडताळणी म्हणजे मी सांगितलेली गोष्ट, मी ती ज्यांना ज्यांना सांगितली होती त्यांना विचारणं. संध्याकाळी पानठेल्यावर मी ती चार जणांना ऐकवली होतीच. चौघांनीही ‘हाव, झालं होतं तसं’ म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीतली कौशल्याबाई तर म्हणाली, “मी टोपलीपाशीच उभी होती न!”

वर्षभरानं विद्यापीठानं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. एक प्रत ग्रामपंचायतीला आली आणि काचेच्या कपाटात बसली. एकशे बाराव्या पानावर आमच्या दोन घरांचा नकाशा. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोळा. मी एक त्रिकोण होतो. माझा बाप वरचा त्रिकोण. आणि बापाच्या त्रिकोणापासून भोजराजच्या त्रिकोणापर्यंत एक तुटक रेघ. खाली लिहिलं होतं, ‘मितान’.

पलीकडच्या गावाला त्या रेघेचा फार अभिमान वाटला. भोजराजचा मुलगा तुलाराम वाटेत भेटला की हात धरायला लागला. तीन वर्षांमागं तो वारला आणि आमच्या घरी निरोप आला, ‘मितानघरचं सुतक आहे’.

माझा मुलगा धर्मेंद्र म्हणाला, “बाबा, जाऊन सांगून दे न, ते तसं काही नव्हतं मनून.”

मयताच्या घरी जाऊन हे कोण सांगणार? मी गेलो आणि दहाव्याला तळ्यावर न्हाव्यापुढं बसून डोकं केलं. तेरवीला मला तुलारामच्या मुलाच्या, तेजरामच्या, शेजारी पाट मिळाला. तुलारामची बायको सत्यभामाबाई मला भाऊजी म्हणायला लागली, मी तिला वहिनी. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मला सख्खा भाऊ नव्हता. मेल्यावर का होईना, एक मिळाला.

त्याच तेरवीच्या पंगतीत माझी नात डिंपल वरण वाढत होती, आणि तेजरामचा मुलगा योगेंद्र चार वेळा वरण मागत होता. हे मला तेव्हा दिसलं नाही. डोकं नवीनच केलेलं होतं, उन्हानं तापलं होतं.

डिंपल लाखनीच्या शाळेत विज्ञान शिकवते. योगेंद्रचं साकोलीला पंपांचं दुकान आहे. तीन वर्षांत काय ते ठरलं आणि या दसऱ्याला दोघांनी आपापल्या घरी सांगून टाकलं. जात एक, कूळ वेगळं, पोरं शिकलेली. तेजराम खूश, धर्मेंद्र खूश. आणि मग सत्यभामाबाई म्हणाली, “बहीनभावाचं लगन लावता का, मेल्यांनो?”

डिंपल शाळेतून आली ती पर्स खांद्यावरून न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली.

“आबाजी, एकच सांग. तुझा बाप अन् त्यायचा पणजा मितान होते?”

“नाई वो माय. कायचे मितान?”

“मंग पुस्तकात कसं आलं?”

“मी सांगितलं मनून.”

“काहून सांगितलं?”

“ते पोरगी तीन दिवसांपासून उपाशी होती.”

“उपाशी?”

“माहितीची.”

डिंपलनं पर्स खाली ठेवली. “मंडईले लाखांदूरकडचे पाहुने पोरगी दाखवाले येऊन राहिले योगेंद्रले. बारा दिवस आहेत. तो आजीच्या शब्दाबाहेर जाऊन लगन करनार नाही, अन् तसं मले बी नाही करायचं. तू बिघडवलं, तूच नीट कर.” आणि आत गेली. रडली असती तर मी एखादी गोष्ट सांगून हसवलं असतं. ती रडली नाही.

तर मी ठरवलं, खरं बोलायचं. शहात्तराव्या वर्षी नवीन धंदा.

आधी सत्यभामाबाईकडे गेलो. ती अंगणात सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

“वहिनी, ते भुजलीचं खोटं होतं.”

“कोनतं त्याच्यातलं?”

“सगळंच.”

“अन् तुमी डोकं केलं ते?”

“तेवढं खरं होतं.”

“खोट्यासाठी खरं डोकं कोनी करते का, भाऊजी?” तिनं सूप थांबवलं नाही. “नातीसाठी बोलून राहिले, समजते मले. पन मेलेल्या मानसायचा शब्द आहे तो. घरी जा.”

मग कौशल्याबाईकडे. म्हटलं, निदान एक साक्षीदार तरी खाली उतरवू.

“कौशल्या, खरं सांग, तू पाह्यलं होतं?”

“पाह्यलं मंजे? अंकुर असा उडाला, असा!”

“अवो, मीच सांगितलं तुले पानठेल्यावर!”

“तू काय सांगशील? तू होता का तिथं?”

“नव्हतो.”

“मंग? नव्हता मनूनच तुले माहीत नाही.”

ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे गेलो. म्हटलं, ते एकशे बारा नंबरचं पान खोटं आहे असं लिहून द्या. तो तरुण माणूस, शांत. म्हणाला, “तुम्ही अर्ज करा. सोबत ते झालं नसल्याचा पुरावा जोडा.”

“जे झालंच नाही त्याचा पुरावा कसा आनू?”

त्यानं विचार केला. “दोन साक्षीदार आणा, ज्यांनी ते होताना पाहिलं नाही.”

मी दोन दिवस दोन्ही गावं फिरलो. पाहिलं नाही असं म्हणणारा एक माणूस मिळाला नाही. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता तेही म्हणत होते, आमच्या आजानं पाह्यलं. एक जण तर बाभळीजवळ नारळ फोडून येत होता.

शेवटी धर्मेंद्रच्या मोबाइलवरून रिता मॅडमला फोन लावला. त्या आता प्राध्यापक आहेत.

“मॅडम, मी चिंधू. तळ्यावाला. ते मितानचं मी खोटं सांगितलं होतं जी.”

“अरे वा आजोबा! कसे आहात? असं आहे, आमच्या शास्त्रात खरं की खोटं हा प्रश्नच नसतो. लोक स्वतःबद्दल काय सांगतात, ते महत्त्वाचं.”

“मंग मी आता सांगून राहिलो न स्वतःबद्दल, का मी खोटा आहो!”

“हो हो, तेही महत्त्वाचं आहे. दुसरी आवृत्ती निघतेय, तिथं तळटीप देते. ‘माहिती देणाऱ्या व्यक्तीनं पुढे कुटुंबाच्या दबावाखाली हे कथन नाकारलं.’ चालेल?”

“कुटुंबाचा दबाव नाही, मॅडम!”

“मागं कोण बोलतंय?”

मागं डिंपल बोलत होती. ती म्हणत होती, ‘आबाजी, नीट सांग’. मी फोन ठेवला.

पाच दिवस उरले तेव्हा मला कळून चुकलं. या लोकांना माझी थाप जशी पचते तसं खरं पचत नाही. छापलेली गोष्ट खोडून निघत नाही, तिला पुढं नेता मात्र येतं. मितान झाले हे कुणी सोडायला तयार नव्हतं. पण झालेले मितान तुटू शकतात.

आता ते तुटायला कुणीतरी काही केलेलं पाहिजे. भोजराजनं केलं असं सांगावं तर सत्यभामाबाई सुपानं हाणेल. म्हणजे दुसरा त्रिकोण राहिला.

माझ्या बापाबद्दल मी आयुष्यात एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. आमच्या गावच्या वाट्याचं पाणी तीस वर्षं त्याच्या हातात होतं. तळ्याचं दार तो उघडायचा, कुणाला किती, तो ठरवायचा. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, दाराच्या अगदी लागून, तरी ती सगळ्यात शेवटी भिजायची. आधी गावाची, मग आमची. आई दरवर्षी भांडायची. दोन वर्षं तर आमच्यापर्यंत पाणी आलंच नाही, आम्ही लाखोरीवर दिवस काढले. ही गोष्ट मी सांगितली नाही, कारण ती खरी होती. तिच्यात वाघ नाही, सायकल नाही. लोकांनी जांभई दिली असती.

मंडईच्या आधीच्या रविवारी तेजरामच्या अंगणात समाजाची बैठक बसली. दोन्ही गावचे पन्नासेक लोक. सचिवाकडून पुस्तक आणून पाटावर ठेवलं होतं, हळदकुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, “पंचहो, मितान झाले होते. मी खोटं मनत होतो, कारन लाज वाटत होती. पुढची गोष्ट आजपावतो कोनाले सांगितली नाही.”

साठ वर्षांत इतके कान मला कधी मिळाले नव्हते.

“दुसऱ्या वर्षी पानी कमी पडलं. भर दुपारी सगळे जेवाले गेले, अन् माझ्या बापानं दार उघडून तुमच्या गावच्या वाट्याचं पानी आपल्या बांधीत घेतलं. भोजराजकाकानं पाळीवरून पाह्यलं. खाली आला. तळ्याचं पानी ओंजळीत घेतलं अन् आपला कान धुतला. ज्या कानावर अंकुर होता, तोच. अन् मोठ्यानं मनला, ‘भैय्यालाल!’ मितानचं नाव घेतलं. नाव घेतलं अन् तुटलं.”

मग कौशल्याबाई उठली. “घेतलं होतं नाव. मी ऐकलं. माझ्या हातात घागर होती.”

मागून एक जण म्हणाला, “तरीच! त्या दुष्काळात बी यायची बांधी हिरवी असे, माझा बाप मनायचा.”

“दाराच्या लागून बांधी कोनाची होती? विचार करा न!”

“मानूस चांगला दिसे वरून.”

किती वेळ लागला? एवढं सांगायला मला पाच मिनिटं, आणि त्यांना पटायला तेवढीही नाही. खरं बोलत मी सात दिवस चपला झिजवल्या होत्या! धर्मेंद्र माझ्याकडे पाहत उठला, गाडी चालू केली आणि निघून गेला. त्याच्या लहानपणी त्याच्या आजानं त्याला तळ्याच्या दारावर बसवून पोहायला शिकवलं होतं.

सत्यभामाबाईनं पुस्तक जवळ ओढून ती तुटक रेघ पाहिली. मग म्हणाली, “तुटलं असन तं मंग सोयरीक होते.” आणि माझ्याकडे वळून, “तारीख काढा, इवाई.”

एका शब्दात मी भाऊजीचा व्याही झालो. मंडईत लाखांदूरकडचे पाहुणे आले, दंडारीचा खेळ पाहिला आणि चिवडा खाऊन गेले.

लग्न छान झालं. पंगतीत मी वाढायला उभा होतो, तर पलीकडच्या गावचा एक जण पाण्याचा ग्लास पुढं करून म्हणतो, “आमच्या वाट्याचं तेवढं राहू द्या, बुढ्या!” सगळी ओळ हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मांडवाच्या मागं, जिथं भांडी घासत होते, सत्यभामाबाईनं मला बोलावलं. हातात पानाचा डबा. पान लावत म्हणाली, “तुमच्या बापाची बांधी सगळ्यात शेवटी भिजायची.”

माझ्या हातातली बादली खाली आली.

“नवी नवरी होती मी. आमचं वावर पाळीच्या वरतं. रोज पाहत होती मी. समद्यायचं झाल्यावर तो मानूस आपल्या बांधीत पानी घ्याचा. कदी कदी ते बी नाही. माझे सासरे घरी मनत, असा मानूस आपल्या गावात पाह्यजे होता.”

“मंग बैठकीत काहून नाही बोलली, बाई?”

“योगेंद्र चार दिवस जेवला नव्हता. मीच आडवी बसली होती, मागं कशी सरकू? तुमी वाट काढून देल्ली, मी निंगाली.”

“मंग आता बोल न! लगन झालं. सांग सगळ्यायले का भैय्यालाल चोर नव्हता!”

तिनं पान माझ्या हातात ठेवलं. “चोर नव्हता मनलं तं तुटलं नाही मनतीन. तुटलं नाही तं मंग ते दोघं बहीनभाऊ. माझ्या नातवाले अन् तुमच्या नातीले लोक काय मनतीन? खा, पान खा.”

अख्ख्या मुलखात माझ्या बापाची एकच साक्षीदार, आणि तिच्या तोंडात मीच बोळा कोंबलेला.

फेब्रुवारीत रिता मॅडम आल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी. ‘नात्यांचं तुटणं’ असं एक नवीन प्रकरण घालणार होत्या. डिंपल चार दिवस माहेरी आली होती, तिनं चहा ठेवला. मॅडमनी नकाशा काढून तुटक रेघेवर एक बारीकशी काट मारून दाखवली. एवढ्याशा काटेसाठी मी काय काय केलं होतं!

“आजोबा, एकच विचारायचं होतं. तुमच्या वडिलांनी असं का केलं असेल?”

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. डिंपल पाठमोरी होती. माझ्यानं राहवलं नाही. हळूच म्हटलं, “मॅडम, माझ्या बापाची बांधी सगळ्यात शेवटी भिजायची. तीस वर्षं. आधी लोकायची, मंग आमची.”

मॅडमचा चेहरा उजळला. पेन भराभर चालायला लागलं. मला वाटलं, चला, एवढं तरी कागदावर गेलं.

“अगदी बरोबर!” त्या म्हणाल्या. “वर्षानुवर्षं आपल्या शेताला शेवटी पाणी मिळतंय, या रागातून त्यांनी ते चोरलं. कारणच मिळालं, आजोबा. थँक यू.”

मी छताकडे पाहत बसलो. कवेलूत एक फट आहे, धर्मेंद्रला सांगायचं राहून जातं. तो आजकाल माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

डिंपलनं चहा आणून ठेवला. मॅडमनी कागद आवरले आणि विचारलं, “आणखी काही सांगायचंय?”

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच निरुपद्रवी गोष्ट उरली होती. ती तरी हसून सोडून देतील म्हणून मी म्हटलं, “नागझिऱ्याचा एक वाघ होता जी, त्याचा दात दुखत होता...”

“एक मिनिट हं, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “रेकॉर्डर चालू करते.”